लाल नाड्याच्या पुढे

"उचलून पाहा, काकू," तायडे म्हणाला आणि नळकांड्यातून ओढून काढलेली जाळी त्यानं माझ्या दोन्ही हातांवर ठेवली.

हात एकदम खाली गेले.

तीच जाळी मी दोन वर्षांपूर्वी उचलली होती. मशीन बसवायला आला तेव्हा तायडेनंच कौतुकानं माझ्या हाती दिली होती. गुंडाळलेल्या चटईसारखी, दोन हात लांब, पांढरी, हलकी. बारशातलं बाळ दाखवावं तशी मी ती दारातल्या बायकांना दाखवली होती. आता ती झोपी गेलेल्या लेकरासारखी कोपरात जड होऊन पडली होती.

"वजन दुप्पट झालं," तायडे म्हणाला. "आत दगड बांधला पाण्यानं. इथं बोट फिरवा."

टोकाशी पांढरा थर चमकत होता, बारीक साखर लावल्यासारखा. बोट फिरवलं तर कचकन लागलं. बोटाच्या शेंड्यावर रक्ताचा एवढासा ठिपका आला.

टिनाच्या त्या खोलीत दुपारचं ऊन वरून ओतल्यासारखं येत होतं. दारात वीस-बावीस बायका, प्रत्येकीच्या कमरेला रिकामी कॅन. गुंफाआजी तेवढी पुढं येऊन उकिडवी बसली होती आणि जाळीकडं अशी पाहत होती, जसं एखादीच्या घरचं मढं पाहावं.

आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. जमिनीच्या पोटातच मीठ. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागणार. चहात दूध फाटायचं, डाळ शिजता शिजायची नाही, धुतलेल्या लुगड्यावर वाळल्यावर पांढरे नकाशे उठायचे. आता धरणाचं पाणी नळानं येतं, पण मी सांगते ती गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. तेव्हा एका संस्थेनं पंचायतीशेजारी खारं पाणी गोड करायचं हे मशीन बसवून दिलं आणि आमच्या बचत गटाच्या हवाली केलं. चाबी माझ्याकडं. बटण दाबायचं, दाबाचा काटा पाहायचा, निळ्या डब्यातलं औषध थेंबथेंब सुटतंय ना ते पाहायचं, आणि रांगेनं घरटी एक कॅन भरून द्यायची. मेम्ब्रेन हा शब्द तायडेचा. मशीनमध्ये अशा चार होत्या; आमच्या बायका तिला जाळीच म्हणायच्या.

तायडे आता भिंतीपाशी गेला होता. तिथं मशीनमधून बाहेर नालीला जाणारा पाइप होता आणि पाइपावर धार कमीजास्त करायचा, लोखंडी दांडीचा वॉल. मशीन बसवलं त्या दिवशी तायडेनं गुंफाआजीकडून देवाच्या ओट्यावरचा लाल नाडा मागून घेतला होता, आणि पाइपावर बांधून मला बजावलं होतं, "दांडीचं टोक या नाड्याले टेकलं पाहिजे, काकू. त्याच्यापुढं नेऊ नका. देवाचा नाडा हाय, शपथ समजा."

आता दांडी नाड्याच्या चार बोटं पुढं गेली होती.

त्यानं ती मागं ओढून पाहिली. हलली नाही. मिठानं गच्च धरली होती.

"हा वॉल कोणी फिरवला?" तो वळला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मशीन बिघडलं नाही, बायांनो. मशीन मारलं कोणीतरी."

"वॉल फिरवल्यानं काय होते रे बाप्पा?" गुंफाआजीनं विचारलं. "नालीत तं पाणी जात होतं फुकट. चार कॅन पाणी घेतलं तं तीन कॅन नालीत. ह्या डोळ्यानं पाह्यलं म्या. पाणी असं फेकलं तं पाप नाई लागत?"

"आजी, ते फुकट नव्हतं जात." तायडे खाली तिच्यासमोर बसला. "तुमी कपडे धुता, मळ कायच्यात जाते? पाण्यातच ना? तसं गोड पाणी इकडं येते आणि त्याचं सारं मीठ उरलेलं पाणी घेऊन जाते. ते पाणी अडवलं तं मीठ कुठं जाईल? जाळीतच बसते. थरावर थर. कोणीतरी पाणी वाचवायले गेलं अन्..." त्यानं जाळीवर हात ठेवला. "सांगून टाका. मी भांडत नाही. मले फक्त समजू द्या, किती दिवस झाले."

बायकांनी माझ्याकडं पाहिलं. चाबी माझ्याकडं, मग दुसरीकडं कुठं पाहणार? बोटावरचा रक्ताचा ठिपका मी पदरात दाबत होते. पुसला की पुन्हा यायचा.

"म्या फिरवला," दारातून आवाज आला.

देवका. माझी धाकटी जाऊ, मला बाई म्हणायची. बाहेर नालीच्या काठच्या दगडावर तिची रोजची जागा. पाय सुजलेले, म्हणून उभं राहवत नसे. जोडवी रुतायला लागली तेव्हा आम्ही ती चिमट्यानं कापून काढली होती. तिशीतली बाई, पण चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा फुगलेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही किडन्या अर्ध्या गेल्या. आता हे खारं पाणी ओठालाही लागू देऊ नका, गोडच प्या, म्हणजे आहे ते काही वर्षं टिकेल. ती काही वर्षं या टिनाच्या खोलीतून रोज एका कॅननं यायची.

"तू?" गुंफाआजी उठलीच. "तू आत कवा गेली वं?"

"गेली एक दिस. बाई पावती लिहीत होत्या. मले वाटलं, लय पाणी चाललं नालीनं." देवका भिंतीला धरून उभी राहिली होती. "वीस-बावीस दिस झाले असतील."

तायडेनं मान हलवली. दिवसांचा हिशोब त्याला पटला.

"घ्या!" मागून कोणीतरी म्हणालं. "सगळ्यात जास्त जिले पाणी लागते, तिनंच हंडा फोडला."

"आजारी हाय म्हणून गप हाय मी," दुसरी म्हणाली, आणि मग गप्प राहिली नाही.

देवका ऐकत होती. खाली मान नव्हती घातलेली. रांगेत नंबरची वाट पाहावी तशी उभी होती.

तायडे दोन दिवस राहिला. जाळ्या धुऊन पाहू म्हणाला. निळ्या पिंपात कोमट पाण्यात लिंबाचं सत कालवायचं आणि ते तासन् तास चारी जाळ्यांतून फिरवायचं. लिंबाचं सत ऐकल्यावर गुंफाआजी घरी गेली आणि ओच्यात तिच्या झाडाची लिंबं घेऊन आली. पंधरा-वीस असतील, अर्धी हिरवीच.

"हे पिळ बाप्पा. बाजारच्या सतात काय दम हाय?"

तायडे हसला नाही. त्यानं खरोखर एक लिंबू कापलं, पिंपात पिळलं आणि म्हणाला, "बस, आजी. एवढंच कमी होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, मशीन लावलं. गोड पाण्याच्या नळीतून आधी खोकल्यासारखा आवाज, मग थेंब, मग करंगळीएवढी धार. दारातल्या बायकांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी हात जोडले. देवका दगडावरून उठून आत आली. मी तिच्यासाठी पेला धरला, भरला, आणि तायडेनं मधेच हात आडवा घातला. खिशातलं मीठ मोजायचं मीटर त्यानं पेल्यात बुडवलं. आकडा पाहिला, पुसून पुन्हा बुडवलं.

"विहिरीचंच पाणी हाय हे," तो म्हणाला. "जाळी फाटली आतून. चुना बसला असता तं लिंबानं निघाला असता. हे चुन्याच्या पुढचं हाय, काकू. सुरीसारखे खडे."

देवकानं माझ्या हातातून पेला घेतला आणि नालीत ओतला. सावकाश, झाडाला घालावं तसं.

तायडेनं संस्थेला फोन लावला. बराच वेळ हो, हो म्हणत राहिला. मग म्हणाला, त्यांचं इकडचं काम मागच्या वर्षीच संपलं, आता ते दुसऱ्या जिल्ह्यात आहेत, अर्ज करून ठेवा. आम्ही अर्ज केला. एक नाही, पाच केले. त्या जाळ्या आजही माझ्या माळ्यावर आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी जावा घरी निघालो. ती दहा पावलं चालायची, थांबायची. तुऱ्हाटीच्या कुडापाशी थांबली तेव्हा मी विचारलं, "खोटं कायले बोलली वं?"

"तुमाले काढलं असतं, बाई. चाबी गेली असती."

"तुले कसं माहीत का मी..."

"नालीच्या काठाले कोण बसते?" ती हसली. फुगलेल्या गालांत डोळे बुडून गेले. "धार अंगठ्याएवढी होती. मंग बोटाएवढी झाली. मंग करंगळीएवढी. म्या पह्यल्याच दिसी समजली."

होय. मीच फिरवला होता वॉल. चैत्रात बोअरचं पाणी खाली गेलं, वीज दुपारी तीनच तास यायची, आणि रांगेच्या शेवटच्या दहा कॅन रोज रिकाम्या परतायला लागल्या. त्या दहांत देवकाची कॅन असायची. घरचं आटोपून, सुजल्या पायांनी यायला तिला उशीर व्हायचा. मी म्हणायचे, अगं, तुझी आधी भरून ठेवते. ती म्हणायची, "चाबी घरात हाय म्हणून पह्यला नंबर? लोक तुमाले बोलतील. रांगेतूनच घेईन मी." आणि रिकामी कॅन घेऊन दगडावर बसायची, नालीतल्या पाण्यात भांडी विसळायची, विसळताना गुणगुणायची.

माहेराची विहीर खारी, सासराची विहीर खारी
डोळ्यातल्या पाण्या सांग, तुझी कोन्या गावची झारी

तीन दिवस तिची कॅन रिकामी गेली. चौथ्या दिवशी, नालीत धो धो पाणी चाललेलं आणि काठावर तहानलेली देवका, हे एका वेळी पाहवेना. मी दांडी एक बोट पुढं सरकवली. नाडा लाल डोळ्यासारखा पाहत होता. त्या दिवशी तीन कॅन जास्त भरल्या. मग आणखी एक बोट. मग आणखी. दहाच्या दहा भरल्या. बायका म्हणाल्या, बेबीच्या हाताला यश हाय. गुंफाआजीनं माझी दृष्ट काढली. रोज काटा थोडा थोडा चढत होता, आणि मी रोज स्वतःला सांगत होते, उद्या मागं घेईन. एका सकाळी मागं घ्यायला गेले तर दांडी हललीच नाही.

"समजली होती तं बोलली कायले नाई?" मी देवकाला विचारलं. विचारलं कुठं, ओरडलेच. "तू एक शब्द बोलली असती तं..."

ती कुडाच्या काड्यांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मले पाणी भेटत होतं ना, बाई."

घर येईस्तोवर ती आणखी तीनदा थांबली.

आठ दिवसांनी गटाची बैठक बसली. मी ठरवून गेले होते की सांगायचं. सतरंजीवर बसले. तेवढ्यात सरपंचाची सून म्हणाली, "बेबीताईंचा यात काय दोष? चाबी त्यांच्याकडंच राहू द्या." सगळ्यांनी हात वर केले. देवकाही आली होती. दाराशी बसली होती, आणि तिचाही हात वर होता. तिनं माझ्याकडं पाहून मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून.

आणि मी तेवढ्याच आधारावर गप्प बसले. तिनं नाही म्हटलं म्हणून. खरं सांगायचं तर तिनं मान हलवली नसती, तरी मी बसलेच असते. मला रांगेतल्या बायकांचे डोळे माहीत होते. त्या डोळ्यांत मला हाताला यश असलेली बेबीच राहायचं होतं.

मेलेल्या मशीनची चाबी माझ्या कमरेला राहिली.

देवकाला मात्र गावानं सोडलं नाही. कोणी वाईट वागलं असं नाही. हळदीकुंकवाला बोलावायचे, विहिरीवर तिची घागर आधी भरू द्यायचे. पण एखादीचं पोर आजारी पडलं, एखाद्याला मुतखडा झाला की नाव निघायचं, "देवकानं मशीन मारलं नसतं तं..." ती ऐकायची. आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडं ती जात्यावर डाळ भरडायला बसली की सूर इकडं यायचा. पूर्वी तिच्या ओव्या उंच असायच्या, गल्लीपर्यंत जायच्या. आता जात्याच्या घरघरीखालून, स्वतःपुरत्या. मी एकदा भिंतीला कान लावला.

गोड पाणी घरोघरी, खारं चाललं नालीनं
माझ्या जावेचं ग मीठ, नेलं माझ्या ओंजळीनं

मी कान काढून घेतला. नंतर तिच्या जात्याचा आवाज आला की मी उठून अंगणात जायचे.

ती सोळा महिने जगली. अकोल्याला रक्त धुवायला नेत होतो, तेही शेवटी तिला सोसेना. तिचा नवरा, माझा दीर, ट्रकवरून सुट्टी घेऊन आला. पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार होती, बाहेर बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. दीर म्हणाला, "वहिनी, तोंडात पाणी घाला."

मी घरात गेले. पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली, एक बाटली होती. मशीन चांगलं होतं तेव्हाची, शेवटच्या गोड पाण्याची. का ठेवली होती मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं. तुळशीचं पान घेतलं, चमच्यात पाणी ओतलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते डोकंही त्या जाळीसारखंच जड लागलं.

"देवका, गोड पाणी हाय. मशीनचं. घे."

तिनं ओठ उघडले. पाणी जिभेवर गेलं. तिनं ते थोडा वेळ तसंच धरलं, चव पाहावी तसं. मशीन नवं आलं तेव्हा गुंफाआजी थू थू करत म्हणाली होती, हे काय पाणी हाय, पार आळणी. आणि देवका हसून हसून लोळली होती, म्हणाली होती, आजी, तुमच्या जिभेलेच मीठ फुटलं.

"आळणी लागते, बाई," देवका पुटपुटली. ओठांच्या कडेनं पाणी बाहेर आलं. "आपलं द्या."

मी माठातलं आणलं. विहिरीचं, खारं. ते तिनं घेतलं.

दहाव्याला स्वयंपाकाला पाणी हवं म्हणून मी सकाळीच विहिरीवर गेले. गुंफाआजी तिथं होती. तिनं माझी घागर स्वतः शेंदून भरली, एवढी म्हातारी असून. काठावर बसून पदरानं डोळे पुसले.

"लय चांगली पोर होती वं," ती म्हणाली. "पर पाण्याचं पाप लागलं तिले. पाण्यासंगं असं नाई करू कोणी."

विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं. सांगायला इतकी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि ऐकायला इतकं म्हातारं, इतकं मऊ माणूसही. माझं तोंड उघडलं. गुंफाआजीनं वर पाहिलं, वाट पाहत.

"आजी," मी म्हणाले, "घागरीले हात लावा जरा."

तिनं दोन्ही हातांनी घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली.